हा पोशाख शिवला कुणी? विज्ञानकथेतल्या वेषांवरून इतिहासाचा एक धडा

'पेट' पास होऊन आता आराखडा लिहायला बसलेल्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. आराखड्यात 'साधने' असा एक मुद्दा असतो आणि तिथं बहुतेक जण एकच वाक्य लिहितात: 'प्राथमिक व दुय्यम साधनांचा वापर केला जाईल.' समितीपुढं गेलं की प्रश्न नेमके याच वाक्यावर येतात. कोणती साधनं? ती कुठं आहेत? आणि ज्या माणसांबद्दल तुम्ही लिहिणार आहात, त्यांनी कागद मागं ठेवलेत का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. तो नीट कळावा म्हणून आज एक वेगळं उदाहरण घेते. विज्ञानकथेतल्या पात्राचा, हातानं बनवलेला पोशाख. आजकाल कॉलेजची पोरंपोरी फोमची शीट, पुठ्ठा, ग्लू गन आणि स्प्रे पेंट घेऊन महिना महिना एकेका चिलखतावर बसतात. त्याला 'कॉस्प्ले' म्हणतात. हा शब्द जपानी पत्रकार नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३ साली छापात आणला. भारतात २०११ साली दिल्लीत पहिलं 'कॉमिक कॉन' भरलं आणि नंतर हे लोण मुंबई-पुण्यामार्गे आपल्याकडं आलं.

पीएचडीच्या ब्लॉगवर हे कशाला, असं वाटेल. पण हा विषय आपल्याला एक पक्की सवय लावतो. कोणताही वेष समोर आला की चार गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या. तो कुणी रेखाटला, कुणी शिवला, कुणी घातला आणि त्याची नोंद कुणी केली. ही चार नावं बहुतेक वेळा एक नसतात. त्यातलं शिवणाऱ्याचं नाव सगळ्यात आधी गळतं.

न्यूयॉर्क, १९३९

२ ते ४ जुलै १९३९ या तीन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथा वाचकांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. दोनेकशे माणसं असतील. त्यात लॉस एंजेलिसहून आलेले फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि त्यांची मैत्रीण मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातल्या माणसांच्या वेषात आले. खांद्यावर केप वगैरे. फ्रँक पॉल हे चित्रकार तेव्हा विज्ञानकथांच्या मासिकांची मुखपृष्ठं काढायचे. ती चित्रं आणि १९३६ सालचा 'थिंग्ज टू कम' हा चित्रपट, यांवरून हे कपडे बेतलेले होते. पुढच्या वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषांची रीतसर स्पर्धाच झाली आणि प्रथा पडली.

यानंतर कित्येक वर्षं ही गोष्ट कशी सांगितली गेली, तर अ‍ॅकरमन हे विज्ञानकथेचा वेष घालणारे पहिले माणूस. फोटोही त्यांचाच जास्त फिरला. पण दोन्ही पोशाख बेतले आणि शिवले होते मर्टल डग्लस यांनी. त्या एस्परांतो भाषेच्या अभ्यासक होत्या आणि आपल्या आद्याक्षरांवरून बनवलेल्या 'मोरोजो' या नावानं लिहायच्या. म्हणजे घालणाऱ्याचं नाव इतिहासात गेलं आणि शिवणारीचं तळटीपेत.

ते परत वर कसं आलं, हे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. मोरोजो स्वतः अनियतकालिकं काढायच्या. हौशी वाचकांनी हौशी वाचकांसाठी काढलेली, हाती छापलेली. त्या वर्तुळातल्या लोकांना लिहायची आणि लिहिलेलं जपून ठेवायची सवय होती. तो कागद उरला म्हणून नाव उरलं.

आणि 'पहिले' हा शब्द तरी खरा का? आधीच्या काळात जरा डोकावून बघा. १८९१ च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'द कमिंग रेस' या १८७१ सालच्या कादंबरीवर बेतलेला एक मोठा बाजार भरला होता आणि लोक त्यातल्या पात्रांच्या वेषात आले होते. १९०८ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका स्केटिंग रिंकवर विल्यम फेल आणि त्यांची पत्नी असं जोडपं वेष करून गेलं. फेल झाले होते मंगळावरून आलेले 'मिस्टर स्कायगॅक', म्हणजे तेव्हाच्या वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रमालेतलं पात्र. १९१० साली टॅकोमा शहरात त्याच पात्राचा वेष करून एका बाईनं पहिलं बक्षीस मिळवलं. तिचं नाव मात्र आपल्यापर्यंत आलेलं नाही. बक्षिसाची नोंद आहे, बाईची नाही.

म्हणून आराखड्यात 'पहिला', 'आद्य', 'जनक' असे शब्द लिहिताना हात आखडता घ्या. पहिला म्हणजे बहुतेकदा ज्याची नोंद आपल्याला सापडली तो पहिला.

भांडणातून निघालेला इतिहास

दुसरं उदाहरण 'स्टार वॉर्स'चं. १९७७ साली आलेल्या या चित्रपटातल्या पांढऱ्या शिपायांचं शिरस्त्राण जगभरातले हौशी लोक आजही घरी बनवतात. ते मुळात कुणी केलं? राल्फ मॅक्वॉरी यांनी चित्र काढलं. निक पेम्बर्टन यांनी त्यावरून मातीचा नमुना घडवला. अँड्र्यू एन्सवर्थ यांनी लंडनजवळच्या आपल्या कारखान्यात प्लॅस्टिक तापवून, साच्यावर ओढून प्रत्यक्ष शिरस्त्राणं बनवली, चित्रपटासाठी पन्नास.

हे इतकं बारीक आपल्याला माहीत कसं? चित्रपटाच्या श्रेयनामावलीमुळं नाही, कोर्टामुळं. २००४ पासून एन्सवर्थ यांनी जुन्या साच्यावरून शिरस्त्राणं विकायला सुरुवात केली, चित्रपट कंपनीनं दावा लावला आणि प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०११ साली निकाल लागला की हे शिरस्त्राण म्हणजे शिल्प नव्हे, चित्रपटात वापरायची वस्तू आहे. निकाल कुणाच्या बाजूनं लागला हे बाजूला ठेवा. न्यायाधीशांना ठरवावं लागलं की पेन्सिल कुणाची, माती कुणाची आणि साचा कुणाचा. तिघांची नावं, कामाचा क्रम, संख्या, सगळं कागदावर आलं. न्यायालयीन निकाल हे किती दमदार प्राथमिक साधन असतं ते यावरून लक्षात घ्या. जिथं तंटा होतो तिथं कागद तयार होतो. गुण्यागोविंदानं झालेलं काम मात्र मागं काही ठेवून जात नाही.

आपल्याकडचे शिंपी

आता महाराष्ट्रात या. 'मिस्टर इंडिया' हा १९८७ सालचा चित्रपट. मनगटावरच्या यंत्रानं माणूस अदृश्य होतो, म्हणजे सरळसरळ विज्ञानकथा. त्यातला मोगॅम्बो सगळ्यांना आठवतो. अमरीश पुरी, तो सोनेरी कलाकुसरीचा भारदस्त कोट, एखाद्या हुकूमशहासारखा थाट. तो पोशाख तयार केला माधव अगस्ती यांनी. मूळचे नागपूरचे, मुंबईत स्वतःचं दुकान उभं केलेले शिंपी.

हे नाव कसं टिकलं? एक तर त्यांच्या दुकानाला स्वतःचं नाव होतं. दुसरं, त्यांनी पुढं बड्या राजकीय नेत्यांचेही कपडे शिवले, त्यामुळं वर्तमानपत्रांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या आठवणी छापल्या गेल्या. कारागिराला स्वतःच्या तोंडानं सांगायची संधी मिळाली. अशी संधी किती जणांना मिळते?

आणखी एक धागा बघा. भारताला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी, 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी, १९८३ साली. ते त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत विभागून मिळालं होतं. हे मोलो म्हणजे 'स्टार वॉर्स'च्या वेशभूषेसाठी आधी ऑस्कर मिळवलेले गृहस्थ. एकीकडं अंतराळातलं काल्पनिक सैन्य, दुसरीकडं खादी आणि ब्रिटिश अंमलातल्या भारतातले गणवेश. काम करायची रीत तीच: चित्र, माप, बेतणं, शिवण, आणि कपडा जुना दिसावा म्हणून केलेली खटपट. पण अथय्या यांचं नाव आहे ते वेशभूषाकार म्हणून, म्हणजे आपल्या पहिल्या रकान्यात. शेकडो कपडे ज्या हातांनी शिवले, त्यांच्यासाठी दुसरा रकाना अजून भरायचा आहे. असा रकाना रिकामा दिसला की तिथंच संशोधनाचा विषय असतो.

बहुरूपी म्हणजे आपलं कॉस्प्ले?

नांदेड-लातूरकडं आलं की कुणी तरी हमखास म्हणतं, "अहो, कॉस्प्लेचं काय कौतुक? आपल्याकडं बहुरूपी होतेच की!" सुगीच्या दिवसांत गावोगाव फिरणारा बहुरूपी, आपल्या भागात काही गावांत ज्याला रायरंद म्हणतात तो, खाकी कपडे घालून खोटा फौजदार होतो आणि लोकांना हसवून दाणे-पैसे मागतो. वासुदेवाची मोरपिसांची टोपी, पोतराजाचा वेष, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतले वाघ्या-मुरळी. मराठवाड्यात हातानं घडवलेल्या वेषांची श्रीमंती मोठी आहे. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात वासुदेव, गोंधळी, जोशी अशांच्या तोंडून भारुडं रचली, म्हणजे ही माणसं तेव्हाही लोकांच्या रोजच्या ओळखीची होती.

पण 'बहुरूपी म्हणजे आपलं कॉस्प्ले' हे वाक्य आराखड्यात लिहू नका. ऐकायला बरं वाटतं, पण इतिहास म्हणून टिकत नाही. कॉस्प्ले हा फावल्या वेळेतला छंद आहे. आवडलं तर केलं, नाही तर सोडलं. बहुरूप्याचं सोंग हे पोट आहे आणि ते जन्मानं, जातीनं वाट्याला आलेलं आहे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो. बहुरूप्याच्या बाबतीत सोंगच पैशासाठी आणावं लागतं. दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या म्हणजे एकीतून दुसरी निघाली असं होत नाही. तुलना करायची तर वेषाच्या दिसण्याची नको, नोंदीची करा.

आणि इथंच खरी गोम आहे. मोरोजोचं नाव एका पुरुषाच्या नावामागं गेलं होतं. पेम्बर्टनचं कंपनीच्या नावामागं. बहुरूप्याचं नाव गेलं जातीच्या नावामागं. वासाहतिक काळातले ग्रंथ उघडून बघा. मुंबई इलाख्यासाठी एन्थोवेन यांचे खंड आहेत, निजामाच्या राज्यासाठी सय्यद सिराज उल हसन यांचा १९२० सालचा ग्रंथ आहे. त्यांची मांडणीच जातीनुसार आहे. अमुक जात, तिच्या पोटशाखा, लग्नाच्या चाली, देव, धंदा. एखादी टोपी अमुक माणसानं अमुक साली बनवली, असं सांगायला त्या मांडणीत जागाच नाही. शिवणारा आणि घालणारा इथं बहुतेकदा एकच माणूस किंवा एकच घर असतं. तरीही ते घर निनावी राहतं. प्रभाकर मांडे यांनी 'गावगाड्याबाहेर'मध्ये आणि रा. चिं. ढेरे यांनी 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक'मध्ये या लोकांकडं आपुलकीनं पाहिलं. ही पुस्तकं आधी वाचाच. पण एकेका वेषाचा, एकेका कारागिराचा इतिहास ही पुढची पायरी आहे आणि ती तुमच्या पिढीनं चढायची आहे.

ही केवळ हळहळ नाही. पूर्वी वेष हीच या माणसांची ओळखपट्टी होती. वासुदेव दारात आला की 'कोण तू' असं कुणी विचारत नसे. आता परक्या गावात भिक्षेला आलेला माणूस आधी संशयित ठरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षेसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. गावांना ही ओळख कधी आणि कशी विसरायला झाली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो सोडवायचा तर आधी या माणसांची नोंद माणूस म्हणून व्हायला हवी.

मग शोधायचं कुठं?

आपल्या दोन जिल्ह्यांपुरतं सांगते.

एक, हद्दी तपासा. लातूर जिल्हा १९८२ साली झाला. त्याआधीचं लातूर उस्मानाबाद जिल्ह्याच्या कागदांत बघावं लागतं. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता आणि किनवटकडचा भाग आदिलाबादमध्ये. १९४८ पूर्वीचं सगळं हैदराबाद संस्थानात, म्हणजे बरंच दप्तर उर्दूत आणि हैदराबादच्या अभिलेखागारात. 'आमच्या जिल्ह्याचं काही मिळत नाही' असं म्हणण्याआधी हे बघा. बऱ्याचदा आपण चुकीच्या जिल्ह्याची फाइल मागत असतो.

दोन, स्थानिक दैनिकं. नांदेडचं 'प्रजावाणी', लातूरचं 'एकमत' यांचे जुने अंक. यात्रा, गणेशोत्सवातले देखावे, शाळांची स्नेहसंमेलनं, युवक महोत्सव यांच्या बातम्यांत बक्षीस मिळवणाऱ्यांची नावं असतात. टॅकोमाच्या त्या बाईसारखी इथंही कोण कोण निनावी राहिली, ते मोजा. न सापडलेली नावं हासुद्धा निष्कर्ष असतो.

तीन, दुकानं. शिंप्याची मापाची वही, नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याचं रजिस्टर, जुन्या फोटो स्टुडिओचा शिक्का. संगीत नाटक मंडळ्यांत 'कपडेपट' सांभाळणारा माणूस असायचा, त्याच जातीचे हे कागद. कुणी जपून ठेवलेले नसतात; दुकान बदललं की रद्दीत जातात. यंदा गेलात तर मिळतील, पाच वर्षांनी सांगता येत नाही.

चार, खुद्द पोशाख. फोटोत त्याची दर्शनी बाजू दिसते. तुम्ही तो उलटा करून बघा. अस्तर कशाचं आहे? टाका हातचा की मशीनचा? माप सैल केल्याच्या, उसवून परत शिवल्याच्या खुणा आहेत का? ठिगळ कोणत्या काळातल्या कापडाचं? एकच कोट दोघांनी वापरला असेल तर ते आतून कळतं. मोगॅम्बोचा कोट असो की बहुरूप्याचा खाकी सदरा, उलटी बाजू सारख्याच भाषेत बोलते. आजच्या फोमच्या चिलखतालाही हेच लागू. आतल्या बाजूला पेनानं केलेल्या खुणा, कापताना चुकलेला तुकडा, जोडपट्ट्या. त्यावरून ते कुणाकडं बघून, कोणत्या क्रमानं शिकत बनवलं ते समजतं.

पाच, मुलाखत. 'तुमच्या परंपरेबद्दल सांगा' असा प्रश्न विचारलात तर ठरलेलं उत्तर मिळेल. त्यापेक्षा विचारा, 'ही टोपी कधी केली? पिसं कुठून आणली? पहिली मोडली तेव्हा काय केलं? हे शिकवलं कुणी?' माणूस हातातल्या वस्तूबद्दल बोलायला लागला की वर्षं, गावं, नावं आपोआप येतात. बोलणाऱ्याची संमती लेखी घ्या, आणि नाव छापायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या. इतकी वर्षं जातीच्या नावाखाली गेलेल्या माणसाला स्वतःचं नाव द्यायचं असेल, तर ते 'माहितीदाता क्रमांक ७' करून पुन्हा पुसू नका. उलट कुणाला नाव नको असेल, तर तो त्याचा हक्क आहे.

एवढं जमवलंत तर 'प्राथमिक साधनांचा वापर केला जाईल' याऐवजी तुम्ही समितीला सांगू शकाल की अमुक वही, अमुक सालचे अंक, अमुक वस्तू, अमुक मुलाखती. आणि जिथं कागद नाही तिथं मुलाखतीची प्रत, वस्तूची मोजमापं आणि फोटो हाच नवा कागद असेल. तो तुमच्या प्रबंधानंतरही दुसऱ्याला वापरता येईल अशा रीतीनं विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवायची सोय आधीच बघून ठेवा.

सुरुवात मोठ्या कामानं करू नका. घरातल्या अल्बममधला गॅदरिंगचा किंवा जत्रेचा एक फोटो काढा, ज्यात कुणी तरी सोंग घेतलंय. वहीत चार रकाने आखा: रेखाटलं कुणी, शिवलं कुणी, घातलं कुणी, फोटो काढला कुणी. तिसरा रकाना लगेच भरेल. दुसऱ्यासाठी आजीला, मावशीला, गल्लीतल्या टेलरकाकांना विचारावं लागेल. उत्तर मिळालं की तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या लेखात मुलाखतीची प्रश्नावली कशी करायची ते बघू, तेव्हा ही वही सोबत लागेल.